गच्चीवरचं गाणं

बी-३०४: काल रात्री गच्चीवर गाणी कोण लावत होतं? तक्रार नाही हं, आवाज हळूच होता. इंग्रजीतलं भावगीत वाटलं अगदी.

सी-५०२: मीच काकू 🙈 बेल अँड सेबॅस्टियन. ग्लासगोचा बँड.

ए-१०१: दोघंच का?

सी-५०२: नाही काका, सहा-सातजण. नाव एका फ्रेंच गोष्टीतलं, मुलगा सेबॅस्टियन आणि त्याची कुत्री बेल. गाणी मुख्यतः स्टुअर्ट मर्डॉकची.

बी-७०३: १९९६ चे पहिले दोन अल्बम ऐक आणि थांब. पुढे नुसता झगमगाट.

सी-५०२: दादा, हे तुम्ही गणपतीतही म्हणाला होतात 😄 पहिला 'टायगरमिल्क' ग्लासगोच्याच स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसायाच्या कोर्समधून निघाला. हजार प्रती, त्याही फक्त रेकॉर्डवर. त्याआधी मर्डॉक सुमारे सात वर्षं एमईने आजारी. जवळपास घरातच. म्हणून ती गाणी खिडकीत बसून रस्ता बघत लिहिल्यासारखी वाटतात.

बी-३०४: एमई म्हणजे?

सी-५०२: कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा, काकू. नंतरही तो चर्चच्या हॉलवरच्या खोलीत राहायचा, हॉलची देखभाल करायचा.

ए-१०१: बक्षीसबिक्षीस?

सी-५०२: १९९९ ला ब्रिट, म्हणजे ब्रिटनचं मोठं संगीत बक्षीस, नवोदितांचं. चाहत्यांनी इंटरनेटवरून मतं टाकून 'स्टेप्स' या पॉप ग्रुपला हरवलं. केवढा गहजब झाला!

बी-७०३: आणि २००३ ला ट्रेव्हर हॉर्नला निर्माता म्हणून आणलं. तिथेच बिनसलं.

ए-१०१: 'बगल्स' बँडवाला हॉर्न?? आमच्या वेळचा!

सी-५०२: तोच. त्याने आवाज लख्ख केला, व्हायोलिनं-ट्रंपेट पुढे आणली. कुजबुजत्या गळ्याची इझोबेल कॅम्पबेल २००२ लाच बँड सोडून गेली होती, जुना सूर तसाही राहणार नव्हता. २००६ चा अल्बम लॉस एंजेलिसला केला, चांगलाच ठेक्याचा. २०१५ ला तर सरळ डिस्को.

बी-७०३: तेच म्हणतोय मी. डिस्को!

सी-५०२: पण दादा, त्या अल्बमचं पहिलंच गाणं ऐकलंत? 'नोबडीज एम्पायर'. स्वतःच्या आजारपणाबद्दल मर्डॉक गाण्यातून एवढं उघड आधी कधी बोलला नव्हता. हळू आवाजात जे लपवलं, ते ढोल वाजवत सांगितलं.

बी-७०३: ...नाही ऐकलं. पाठव.

बी-३०४: पाठवतोस कशाला, रात्री गच्चीवरच लाव. माझी खुर्ची मी आणते.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. आज गच्ची बंद, टाकी धुणं चालू आहे. उद्या लावा. मीही येतो.