सरसकट बंदी नको, घडण बघा

या चर्चेत एकाने ‘ब्रिटनसारखी तलवारींवर सरसकट बंदी आणा’ असं लिहिलंय. तिथे सरसकट बंदी नाहीच. २००८ साली विक्री-आयात थांबवली ती ५० सेंटीमीटर आणि त्याहून लांब, वक्र पात्यांची. १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना सूट ठेवली. आपणही हाच फरक मागूया. आमच्या साताऱ्यात खंडेनवमीला पुजली जाणारी जुनी धोप, म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार, आणि केक कापायला ऑनलाइन मागवलेलं चकचकीत पातं एका मापात कसं बसेल? जुन्या तलवारीचं पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असतं. जाणकार ते लगेच ओळखतो. नोंदणी जरूर करा, पण तपासायला पोलिसांबरोबर वस्तुसंग्रहालयाचा माणूस हवाच. नाहीतर कटकट नको म्हणून लोक या तलवारी भंगारात घालतील.