वांगाच्या डागांवर कोणतं मलम, किती आणि किती दिवस?

वांग असो की मुरमांनंतरचे डाग, वापरलेल्या मलमांची टक्केवारी, लावायची पद्धत आणि कुठे बिघडतं ते लिहा. नुसतं "छान आहे" नको.

*

हायड्रोक्विनोन ४ टक्के. वांगावर याच्याइतका लवकर फरक दुसरं कुठलंही एकटं मलम दाखवत नाही. रात्री, फक्त डागावर, पातळ थर. तीन-चार महिन्यांत थांबवायचंच. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर त्वचेत निळसर-करडा रंग बसू शकतो, आणि तो काढणं मूळ डागापेक्षा कठीण. नळीच्या तोंडाशी मलम तपकिरी दिसलं की हवेने खराब झालंय, टाकून द्या. गरोदरपणात नको.

*

वरच्यात भर. तिहेरी मलमात हायड्रोक्विनोन ४, ट्रेटिनॉइन ०.०५ आणि फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड ०.०१ टक्के असतं. ट्रेटिनॉइनने होणारी जळजळ त्यातलं स्टेरॉइड दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा फार छान वाटतो आणि इथेच लोक फसतात. आठ आठवड्यांचं औषध रोजचं क्रीम होऊन बसतं. मग गाल पातळ होतात, बारीक लाल शिरा दिसतात, बंद केलं की चेहरा भडकतो. डॉक्टरांनी तारीख घातली असेल तर ती पाळा, कृपा करून!

*

गरोदर असाल किंवा मुरमंही असतील तर अझेलिक ॲसिड, १५ ते २० टक्के. फरक दिसायला तीन महिने धरा. पहिले दोन आठवडे चुरचुरतं. म्हणून एक दिवसाआड सुरू करा, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावरच लावा. चुरचुर थांबत नसेल तर रेटू नका. सावळ्या त्वचेवर जळजळ म्हणजे नवा डाग.

*

नायसिनामाइड ५ टक्के सौम्य आहे, जोडीला ठीक. जुन्या वांगावर एकट्याने फारसं होत नाही.

*

सनस्क्रीन राहिलं की वरचं सगळं वाया. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर मावेल इतकं, बाहेर असताना दर दोन तासांनी. वरच्या ओठावर आणि केसांच्या रेषेलगत हात नीट फिरत नाही, तिथे आधी लावा.