तलवारीच्या मुठीवरची सोनेरी वेलबुट्टी घासली तर चालेल का?

तापीकाठ
राम राम मंडळी. आमच्याकडे पारोळ्याला पणजोबांच्या आधीपासूनची एक तलवार आहे, दसऱ्याला पूजेला काढतो. पातं सरळ, मूठ लोखंडी, मुठीवर गोल चकती आणि सगळीकडे बारीक सोनेरी वेलबुट्टी, पण निम्मी काळी पडलीय. चुलतभाऊ म्हणतो यंदा पॉलिश पेपर मारून चकचकीत करू. ते सोनं खरं असेल का? आणि घासलं तर चालेल का?

धुळेकर
घासू नका भाऊ, हात जोडतो! हे कोफ्तगरीचं काम वाटतंय. यात आधी लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा मारून ते खरखरीत करतात, मग सोन्याची नाहीतर चांदीची एकदम बारीक तार नक्षीप्रमाणे ठेवत हलक्या हाताने ठोकत जातात, ती त्या रेघांत धरून बसते आणि शेवटी घोटून गुळगुळीत करतात. म्हणजे थर किती पातळ असेल बघा, पॉलिश पेपरचे चार हात मारले की गेलं सगळं. भिंग घेऊन बघा, सोनं झिजलंय तिथे त्या रेघा दिसल्या तर कोफ्तगरी, खालचं लोखंड गुळगुळीत असेल तर बहुतेक नुसता मुलामा.

बागलाणी
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. पातं सरळ म्हणताय तर फिरंग असू शकते, म्हणजे पातं युरोपातलं आणि मूठ इकडची. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणली ना, ती याच जातीची, युरोपीय पातं, सोन्याची कोफ्तगरी, पात्याच्या पाठीवर देवनागरीत नाव, आणि मूठ मुल्हेरी घडणीची! मुल्हेर म्हणजे आपलं बागलाणातलं. तलवारीचा विषय निघाला की लोक थेट राजस्थान गाठतात, आपल्या मुल्हेरचं नाव कोणी घेत नाही, फार वाईट वाटतं.

धुळेकर
बरोबर दादा. आणि तापीकाठ भाऊ, पूजेत ओलं गंध-कुंकू थेट लोखंडावर नका लावू, गंज तिथूनच धरतो. लिंबू, चिंच, राख काहीच नको. पात्याला सुती कापडाने मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, ओल धरतं. धुळ्याला आलात तर राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात एकदा जाऊन या.

बागलाणी
आणि पात्यावर शिक्का किंवा अक्षरं दिसतात का ते बघा, दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका इथे, दोन्ही बाजूंचा.