बटाटा शिजवताना मुलं विचार करतील असा तास कसा घ्यावा?

शाळेचा_डबा: आठवी, गृहशास्त्र. तास ४० मिनिटांचा, मुलं ३६, शेगड्या ४. फळ्यावरची कृती उतरवतात, पदार्थही नीट होतो. पण ‘आमटीत चिंच डाळ शिजल्यावरच का?’ म्हटलं की गप्प. अंदाज, तर्क, पडताळा हे कसं आणायचं?

चिंचगूळ: याच प्रश्नाचा प्रयोग करा, फक्त डाळीऐवजी बटाटा घ्या. कुकरशिवाय तूरडाळ तासात होणार नाही.

दोन सेंटिमीटरचे तुकडे, प्रत्येक पातेल्यात २०० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. एकात काही नाही, दुसऱ्यात दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, तिसऱ्यात पाव चमचा खायचा सोडा. चौथ्यात परत साधंच पाणी. उकळी आल्यावर तुकडे टाका. ८, १०, १२ आणि १५ मिनिटांनी काटा टोचून नोंद. पेटवण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर क्रम आणि कारण लिहायचं, पेनने, आणि चिठ्ठ्या गोळा करायच्या. नाहीतर निकाल बघून अंदाज बदलतात!

चिंचेतले तुकडे टणक राहतात. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहज सुटत नाही. सोड्यात उलट, कडा विरघळून गिचका. हे कारण तुम्ही आधी सांगितलंत तर तास वाया.

फसतं ते चिरण्यात. एका गटाचे तुकडे मोठे असले की निकालाला अर्थ उरत नाही. सगळे एकत्र कालवून मग वाटा.

शाळेचा_डबा: एक शेगडी मंद जळते. चालेल?

चिंचगूळ: उत्तम, तिच्यावर चौथं पातेलं ठेवा. दोन्हींत साधं पाणी असून वेळ वेगळा का, हे मुलांनाच शोधू द्या.

विरजण_कालचं: ‘मग डाळीत सोडाच घालू’ असं कोणीतरी म्हणणारच. तिथे थांबू नका. सोड्याने गॅस वाचतो, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, चवही साबणासारखी लागते. काय राखायचं, काय सोडायचं, यावर गटांना बाजू मांडू द्या. गुण कारणाला द्या, बरोबर अंदाजाला नव्हे.

पुढच्या तासाला पुरण काढा. हरभरा डाळ शिजण्याआधी गूळ पडला तर डाळ कडक राहते, आणि गूळ तर गोड. ‘आंबटपणामुळे’ हे पाठ केलेलं उत्तर इथे अडखळतं. गुळातली साखर आणि कॅल्शियम यांपर्यंत मुलं पोचायला वेळ लागेल, लागू दे.