सल्ला हवा: ऑटोमॅटिक डिझेल पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक बसवावा का?

नाशिक-ते-ऑरोरा
नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. गेल्या दिवाळीत जुनी रॅम २५०० घेतली. २००४ ची, ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिन, ४८आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे २६ फुटी ट्रेलर, भरून ७,००० पौंडांच्या आसपास. ऑगस्टमध्ये आई-बाबा येतायत, त्यांना आय-७० हायवेने पॅलिसेडला पीच खायला न्यायचंय. म्हणजे आयझेनहावर बोगदा आणि वेल पास, दोन्हीचे मोठे उतार आले. जूनमध्ये रिकामा ट्रेलर घेऊन बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नला उतरलो तर खाली पोचेपर्यंत गाडीत जळका वास. बायको अजून ऐकवते. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) नाही. बाहेरचा बसवावा का, कुठला? बजेट ६०० डॉलर, वर एक डॉलर नाही.

ह्यूस्टनकर_दादा
विकून टाका ती. मी २०२१ ची घेतली, ६.७ वाली. त्यात टर्बोच आतली वाट अरुंद करून एक्झॉस्ट अडवतो, वेगळा ब्रेक लागतच नाही. बटण एकदा दाबलं की पिवळा दिवा, म्हणजे पूर्ण जोर. परत दाबलं की हिरवा, मग उतारावर वेग गाडीच सांभाळते. टो-हॉल (ओझं ओढायचा मोड) लावायचं आणि गाणी ऐकत उतरायचं.

नाशिक-ते-ऑरोरा
दादा, ६०० डॉलर.

ह्यूस्टनकर_दादा
कर्ज मिळतं की.

खंबाटकी
ह्यूस्टनमध्ये फ्लायओव्हर सोडून उतार आहे का हो कुठे? 😀
धागाकर्ते, आमचे वडील तीस वर्षं सातारा-पुणे ट्रक चालवायचे. त्यांचा एकच नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस त्यांनी कधी क्लीनर म्हणूनही ठेवला नाही. ब्रेकबिक काही बसवू नका, गिअर धरा.

गिअरबॉक्सने_गांजलेला
काकांचा नियम मॅन्युअलचा. तिथे इंजिन आणि चाकं क्लचने घट्ट जोडलेली. ऑटोमॅटिकमध्ये मधे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून चालणारी जोडणी. ४८आरईत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की लॉकअप (ही जोडणी घट्ट धरणारा आतला क्लच) सुटतो. मग चाकं कितीही ढकलू देत, इंजिनाचे आरपीएम खाली येतात आणि एक्झॉस्ट ब्रेकला अडवायला काही उरत नाही. उलट तेल तापतं. म्हणून नुसतं किट पुरत नाही, लॉकअप धरून ठेवणारा कंट्रोलर लागतो. तो लावला की सगळा उलटा जोर लॉकअपच्या क्लचवर, आणि पाय उचललेला असताना आतलं तेलाचं प्रेशरही कमी. मी हेच केलं होतं (दुसरी गाडी, कंपनीचं नाव नको). दोन उन्हाळे मस्त चालली. तिसऱ्या उन्हाळ्यात घाटाच्या मध्यावर आरपीएम वर-खाली नाचायला लागले, गिअरबॉक्सचा पॅन उघडला तर तेल काळं आणि तळाशी शिशाच्या पेन्सिलीसारखी भुकटी. बिल ५,२०० डॉलर.
आधी ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) नव्याने बांधून घ्या, दणकट कन्व्हर्टर टाका, मग ब्रेक.

नाशिक-ते-ऑरोरा
म्हणजे ६०० च्या ब्रेकसाठी ५,००० चं ट्रान्समिशन?

गिअरबॉक्सने_गांजलेला
किटही ६०० त येत नाही. कंट्रोलर धरून हजार-दीड हजार. हवेवर चालणारा असेल तर छोटा कॉम्प्रेसर वेगळा.

शब्दवेल्हाळ
जेक ब्रेक घ्या ना, ट्रकवाले तोच वापरतात. फक्त गावात बंदीच्या पाट्या असतात.

मोजपट्टी
जेक वेगळा हो. जेक व्हॉल्व्ह उघडून दाबलेली हवा सोडून देतो, त्याचाच तो मशीनगनसारखा आवाज आणि त्याच्यासाठीच त्या पाट्या. एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या पाइपात झडप, आवाज जवळपास नाहीच. जेकची कल्पना कमिन्स कंपनीच्या संस्थापकाची, क्लेसी कमिन्सची. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात कहोन पास उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक गेले आणि खाली फाटकावर रेल्वे आडवी. थोडक्यात वाचले. प्रत्यक्ष ब्रेक बाजारात यायला १९६१ उजाडलं.

शब्दवेल्हाळ
आमच्याकडे सगळे त्याला जेकच म्हणतात.

मोजपट्टी
म्हणू देत. आता आकडे. गाडी, ट्रेलर, माणसं मिळून १५,००० पौंड धरू. ७ टक्के उतार म्हणजे १,०५० पौंडांची ओढ. ताशी ४५ मैलांना उतरलात तर सुमारे १२५ अश्वशक्ती कुठेतरी जिरवायची, ३० मैलांना ८५ च्या आत. थोडी वारा घेतो, बाकीची ब्रेक नाहीतर इंजिन. वेग कमी करणं फुकट आहे. डिझेलला पेट्रोलसारखी हवा अडवणारी थ्रॉटल नसते म्हणून नुसत्या इंजिनाचा रोध तोकडा, पण दुसऱ्या गिअरमध्ये टाकलंत तर ३५ मैलांना आरपीएम २,००० च्या आसपास येतात, काहीतरी धरतं.

खंबाटकी
मीही तेच म्हणालो होतो. गिअर धरा.

कॅल्गरीची_उर्मिला
सगळे पिकअपच्या मागे लागलेत, ट्रेलरचे ब्रेक कोणी विचारले का? रिकाम्या ट्रेलरला जळका वास येतो म्हणजे बहुतेक सगळं काम पिकअपचे ब्रेक करतायत. एक्झॉस्ट ब्रेक फक्त पिकअपची मागची चाकं धरतो, ट्रेलर ढकलतच राहतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर २५ मैलांना जा, ब्रेकला पाय न लावता ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका दाबा. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्यासारखं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर चाकाजवळच्या वायरी बघा, ॲक्सलवर घासून तुटतात. आम्ही रॉकीजमध्ये नऊ वर्षं ट्रेलर ओढतोय, नवऱ्याने ते तीन उन्हाळ्यांनंतर बघितलं.
आणि उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. ३५ ठरवलं तर ३५ ला ठाम दाबून ३० वर आणा, सोडा, थंड होऊ द्या.

बर्फाळ_मिनेसोटा
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, पण बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक अजिबात लावू नका. मागची चाकं घसरतात.

नाशिक-ते-ऑरोरा
ऑगस्टमध्ये जातोय हो.

बर्फाळ_मिनेसोटा
सांगून ठेवलं. थंडीत मात्र इंजिन लवकर गरम करायला उत्तम, माझा रोज सकाळी चालू असतो.

ह्यूस्टनकर_दादा
माझ्यातही होतं ते.

नाशिक-ते-ऑरोरा
अपडेट देतो. उर्मिलाताई, दंडवत घ्या. खटका दाबला, ट्रेलरला पत्ताच नाही. उजव्या मागच्या चाकाची वायर तुटलेली, डाव्या बाजूचे ब्रेकचे मॅग्नेट झिजून गुळगुळीत. चारही मॅग्नेट आणि ब्रेक-शू बदलले, १९० डॉलर. आता खटका दाबला की बायको पुढे झुकते. शनिवारी परत सिल्व्हरथॉर्नला गेलो, दुसऱ्या गिअरमध्ये, ३५-३०-३५ करत. मागे एका सेमी ट्रकवाल्याने दिवे मारले, मारू दे. खाली उतरून चाकाजवळ हात नेला, गरम होतं पण वास नाही.

कॅल्गरीची_उर्मिला
झालं मग. उरलेल्या पैशांचे पीच खा.

खंबाटकी
गिअर धरला ना!

नाशिक-ते-ऑरोरा
अं… उरले होते ४१०. प्वेब्लोला एकाकडे जुना एक्झॉस्ट ब्रेक ३५० ला मिळाला, घेऊन आलो. टर्बोच्या तोंडाचं माप जुळतंय. लॉकअपचा कंट्रोलर नाही त्यात. लॉकअपची वायर वेगळ्या खटक्यावर घेऊन हाताने चालू-बंद करेन म्हणतो, यूट्यूबवर एकाने केलंय.

गिअरबॉक्सने_गांजलेला
वरचं सगळं वाचलंत ना?

नाशिक-ते-ऑरोरा
वाचलं. फक्त तिसऱ्या गिअरमध्ये, ४५ च्या खाली, तेवढ्या दोनच उतारांवर वापरेन. थांबण्याआधी खटका बंद करायचा, नाहीतर इंजिन बंद पडेल, हेही लक्षात आहे. डॅशबोर्डवर चिठ्ठी लावणार आहे.

मोजपट्टी
चिठ्ठीपेक्षा तेलाच्या तापमानाचा गेज लावा. साठ डॉलर उरलेच आहेत.

गिअरबॉक्सने_गांजलेला
माझ्या ट्रान्समिशनवाल्याचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माणूस चांगला आहे, पण तारीख महिनाभर पुढची देतो, आत्ताच लावून ठेवा.