कॉम्प्रेसर विकत घ्यायचा की नुसती हवा?

भोसरीकर :
भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. ५ व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशीनं), २ सीएनसी लेथ आणि सगळ्यांना हवा पुरवणारा ३० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर. गेल्या महिन्यात त्याचा एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, जाम झाला. तेव्हापासून भाड्याच्या कॉम्प्रेसरवर काम चालू आहे.

आता एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. कॉम्प्रेसर, ड्रायर, टाकी त्यांची, बसवणार आमच्या शेडमध्ये. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसचा माणूस, सगळं त्यांच्याकडे. आम्ही मीटरवर येईल तेवढ्या घनमीटरचे पैसे द्यायचे. विजेचं बिल आमचं, पण घनमीटरमागे ठरल्यापेक्षा जास्त युनिट लागले तर फरक त्यांनी भरायचा. करार ७ वर्षांचा.

मला हे पटतंय. कॉम्प्रेसरवर आयुष्यभरात होणाऱ्या खर्चात खरेदीपेक्षा विजेचा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि मशीन विकून मोकळा झालेला माणूस त्या बिलाकडे बघत नाही. विमानाच्या इंजिनांत हे जुनंच आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडलीने व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासावर पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये गेली आणि ही पद्धत तिथे मुख्य झाली. जर्मनीची केसर ही कॉम्प्रेसर कंपनी तर हवाच घनमीटरवर विकते. तुमचं मत काय?

जुना फिटर :
माझा विरोध आहे. एकच विचारतो, मीटर कुठे बसणार? कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर. तिथून पुढे तुमच्या शॉपमध्ये जी गळती होईल ती मीटरच्या हिशेबाने तुमचा वापर. ३ मिलिमीटरच्या भोकातून ७ बार दाबाला जाणारी हवा तयार करायला साडेतीन-चार किलोवॅट लागतात. आज ते भोक बुजवायची घाई तुम्हाला आहे. उद्याही तुम्हालाच असेल, पण बुजवणारा माणूस तुमच्याकडे राहिलेला नसेल. आणि हवा विकणाऱ्याला तुमच्या भोकातून पैसेच मिळणार.

माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं आवाजावरून सांगायची, अनलोड व्हॉल्व्ह (दाब भरला की हवा दाबणं थांबवणारा) चिकटतोय म्हणून. कॉम्प्रेसर रूमला कंपनीचं कुलूप लागलं की ते ज्ञान दोन वर्षांत जातं.

सर्व्हिसवाला :
काका, गळतीचं बरोबर बोललात. पण नेहमीच्या विक्रीत काय चालतं ते मी आतून पाहिलंय. १४ वर्षं कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसला होतो. आमचं टार्गेट पार्ट विकण्याचं. हवेतलं ऑइल वेगळं करणारा सेपरेटर चोक होऊन ग्राहकाचं वीजबिल वाढत असलं तरी एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तारखेआधी कोणी फिरकायचं नाही. ब्रेकडाउन झालं की आमचा महिना चांगला जायचा. हे सांगताना मला आजही लाज वाटते. मशीन कंपनीच्याच मालकीचं असेल, तर तोच सेपरेटर बदलायला तीच कंपनी धावत येते. मी भोसरीकरांच्या बाजूने.

जॉबवर्कवाली :
करारात मिनिमम गॅरंटी आहे का, ते कोणीच विचारलं नाही. मला आलेल्या अशाच प्रस्तावात होती. काम असो-नसो, महिन्याला अमुक घनमीटरचे पैसे द्यायचेच. मी सही केली नाही.

रोल्स-रॉइसचं उदाहरण पूर्ण सांगायला हवं. २०२० मध्ये त्यांच्या मोठ्या इंजिनांचे उड्डाणतास आदल्या वर्षाच्या निम्म्याखाली आले आणि कंपनीचं उत्पन्न कोसळलं. म्हणजे मंदीची झळ बनवणाऱ्यानेही सोसली. आपल्याकडे ऑर्डर आटल्या तर ती झळ कोणाला? मिनिमम गॅरंटी असेल तर सगळी आपल्यालाच. मग ही सेवा कसली, तो हप्ताच झाला. निदान हप्ता संपला की मशीन आपलं होतं.

भोसरीकर :
काकांचं वाचून झोप लागली नाही. काल गुरुवार, सुट्टी. सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला आणि घड्याळ लावून बसलो. ५० सेकंद लोड (हवा भरतोय), १३० सेकंद अनलोड (नुसताच फिरतोय). सगळे फेरे साधारण असेच. म्हणजे क्षमतेच्या जवळपास २८ टक्के हवा कोणीही न वापरता जातेय. हा कॉम्प्रेसर मिनिटाला ३.६ घनमीटर देतो. दोन शिफ्टचे १६ तास धरले तर दिवसाला साधारण ९६० घनमीटर. सही केली असती तर हे सगळं मीटरवर आलं असतं आणि मी आनंदाने भरलं असतं.

साबणाचं पाणी घेऊन लाइन तपासली. ६ एअर गनचे कपलर, २ व्हीएमसीच्या एफआरएलचे (हवा गाळून दाब नेमणाऱ्या जोडणीचे) ड्रेन, छताजवळचा एक जॉइंट.

सर्व्हिसवाल्यांचंही मला पटतं, त्यामुळे प्रस्ताव सोडलेला नाही. मिनिमम गॅरंटी आमच्या मसुद्यातही निघाली, पान ९ वर. कंपनीला दोन गोष्टी कळवल्या. गॅरंटी महिन्याची नको, वर्षाची धरा. आणि दर तीन महिन्यांनी गळतीची चाचणी तुम्ही करायची, १० टक्क्यांवरची हवा बिलातून वजा. पहिलीला हो म्हणाले. दुसरीबद्दल वरती विचारून सांगतो म्हणालेत.

कपलर आज बदलले. पुढच्या गुरुवारी पुन्हा घड्याळ लावतो आणि आकडा इथे टाकतो.