सोयाबीनची कापणी कुठपर्यंत आली हे दर आठवड्याला कसं कळतं? (मालवा, कोटा, वाशीम, लातूर)

बारदानवाली_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूरला छावणीत आमचं बारदान (रिकामी पोती) आणि तिरपाल म्हणजे ताडपत्रीचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं, आता मी आणि दीर बघतो. सासरे फोनवर फोन करून कुठे कापणी लागली, कुठे पाऊस पडला सगळं डोक्यात ठेवायचे, पण आता त्यांना ऐकू कमी येतं आणि त्यांच्या ओळखीचे अडतेही बरेचसे घरी बसले. आमचा माल मालव्यात तर जातोच, शिवाय वर कोट्याकडे आणि खाली वाशीम-लातूरपर्यंत जातो. भानगड अशी की लवकर पाठवला तर तिथल्या दुकानदाराकडे उधारीवर पडून राहतो आणि उशीर झाला तर तोवर दुसऱ्याचा विकून झालेला असतो. तर अमुक जिल्ह्यात अमुक टक्के कापणी झाली असं दर आठवड्याला सांगणारं काही आहे का? पेरणीचे आकडे पेपरात येतात की, मग कापणीचे का येत नाहीत? साइट, ॲप काहीही सांगा, थोडे पैसे पडले तरी चालेल. फक्त व्हॉट्सॲप ग्रुप नको, तिथे तीन वर्षांपूर्वीचा भिजलेल्या सोयाबीनचा व्हिडिओ दर सप्टेंबरला नवा म्हणून फिरतो.

जुना_मंडीवाला
ताई, तुम्ही म्हणता तसा जिल्हावार कापणीचा टक्का आपल्याकडे एका जागी, दर आठवड्याला, माझ्या तरी पाहण्यात नाही. पेरणीचा आकडा केंद्राचं कृषी खातं हंगामात दर आठवड्याला देतं, कारण सगळ्यांना रकबा म्हणजे पेरणीखालचं क्षेत्र जाणून घ्यायची घाई असते. कापणीनंतर सगळ्यांचं लक्ष उत्पादनाच्या अंदाजावर जातं, आणि तो पीक कापणी प्रयोगातून येतो म्हणजे ठरलेल्या शेतात छोटा चौकोन आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. त्यातून एकरी किती निघालं ते कळतं, आज किती शेतं उभी आहेत ते नाही कळत.

तुम्ही आवक बघा. ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या साइटवर मंडीवार रोजची आवक दिसते, उज्जैन, देवास, शाजापूर, मंदसौर सगळं. महाराष्ट्राचं पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीवार मिळेल. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडाल तर एक बघून घ्या, पणन मंडळाची आवक क्विंटलमध्ये असते आणि ॲगमार्कनेटवर टनात. आणि एखाद्या मंडीपुढे शून्य दिसलं की लगेच घाबरायचं नाही, कोणी भरलंच नसेल असंही असतं.

शिकागो_टायमर
अमेरिकेत हे सगळं रेडीमेड आहे हो. त्यांचं कृषी खातं एप्रिल ते नोव्हेंबर दर सोमवारी क्रॉप प्रोग्रेस नावाचा रिपोर्ट काढतं, सोयाबीनची १८ राज्यं, किती टक्के पानं गळाली, किती टक्के कापणी झाली, गेल्या वर्षी याच आठवड्यात किती होती, पाच वर्षांची सरासरी किती, सगळं एका पानावर आणि फुकट. आम्ही डीओसीच्या (सोयापेंडीच्या) धंद्यात आहोत, मंगळवारी सकाळी उठलं की पहिलं तेच उघडतो. २०२५ च्या ऑक्टोबरात तिकडचं सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा ऐन कापणीत हा रिपोर्टच येईना, सगळा बाजार अंधारात चाचपडत होता.

जुना_मंडीवाला
भाऊ, ताईंना आयोवात बारदान पाठवायचं नाहीये 😄 तुमचा रिपोर्ट भावासाठी ठीक आहे.

शिकागो_टायमर
मान्य काका, मी पद्धत सांगत होतो. अमेरिकेत सुद्धा कोणी प्रत्येक शेत मोजत नाही, तालुक्या-तालुक्यातली माहीतगार माणसं दर आठवड्याला अंदाज कळवतात त्याची बेरीज असते. ताईंचे सासरे फोनवर तेच करत होते की.

मांजराकाठचा
लातूरहून बोलतोय. ताई, तुम्ही बारदान आणि तिरपाल एकाच गाडीत पाठवता का? तसं असेल तर घोळ तिथंच आहे, कारण आमच्याकडं ही दोन्ही एका दिवशी लागत नाहीत. तुमच्या मालव्यात हार्वेस्टर शेतात शिरला की दाणे थेट ट्रॉलीत. आमच्या भागात अजून पुष्कळ सोयाबीन विळ्यानं काढतात, मग एक-दोन दिवस वाळू द्यायचं, गोळा करून बनीम म्हणजे ढीग लावायची, वरून ताडपत्री, आणि मळणीयंत्राचा नंबर लागेल तेव्हा रास. नंबर कधी लागेल काही सांगता येत नाही, पाऊस आला तर बनीम पंधरा-पंधरा दिवस तशीच झाकलेली असते. म्हणजे ताडपत्री कापणीच्या आदल्या दिवशी लागती आणि पोतं मळणीच्या दिवशी. आवक बघून ताडपत्री पाठवाल तर लोकांनी ती कधीच घेतलेली असणार. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हा तर पीक शेतात पाण्यात उभं होतं, कापणी शून्य, बाजारात आवक शून्य, आणि ताडपत्रीला मात्र दुकानात झुंबड.

बारदानवाली_इंदूर
दादा, हे कोणी सांगितलंच नव्हतं! आम्ही खरंच एकाच गाडीत भरतो, भाडं वाचतं म्हणून. मग तिरपालसाठी आवकेच्या आधीचं काहीतरी हवं.

मांजराकाठचा
पेरणीची तारीख आणि वाण, बास. मालव्यात ९५-६० हे वाण फार, ते पंच्याऐंशीच्या आसपास दिवसांत येतं. २५ जूनला पेरलं तर १८ सप्टेंबरच्या सुमाराला कापायला तयार. आमच्याकडं आता फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ भरपूर, ते शंभर ते एकशे पाच दिवस घेतं, ५ जुलैला पेरलं तर १८ ऑक्टोबर उजाडतो. दोन्हीत महिन्याचं अंतर पडलं बघा, आणि हे तुम्हाला जुलैतच कळतं. मग फक्त पाऊस बघायचा.

सांवेरचा_शेतकरी
त्यात एक जोडतो, पेरणीचा आकडा जिल्ह्याचा एक असला तरी पहिल्या पावसावर पेरणारे आणि थांबणारे असे दोन गट असतात आणि ज्यांना मागून लसूण-बटाटा लावायचा ते मुद्दाम लवकरचं वाण घेतात, त्यामुळे इंदूर-देवास साइडला कापणी दोन लाटांत येते.

माझा उपाय मात्र साधा आहे. हार्वेस्टरवाले. बरेच पंजाबातून येतात, ज्या गावात काम लागलं तिथे धाब्यावर गाड्या उभ्या, संपलं की पुढच्या गावात. दोन-तीन ड्रायव्हरांचे नंबर ठेवा आणि रोज एकच विचारा, भैया आज किधर हो. तो धार म्हणाला तर धार सुरू, शाजापूर म्हणाला तर शाजापूर. पाऊस झाला की आमची काळी माती चिकट होते, मशीन रुतते, त्या दिवशी तो स्वतःच सांगेल बैठे हैं. सरकारला जे शुक्रवारी कळेल ते त्याला सोमवारी माहीत असतं. पण फक्त मालव्यापुरतं हं, वाशीमचं तो नाही सांगू शकणार.

नकाशावेडा
मी ग्वाल्हेरला जीआयएसमध्ये काम करतो. कोपर्निकस ब्राउझर नावाची फुकट साइट आहे, त्यात सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो मिळतात, १० मीटरपर्यंत बारीक, साधारण पाच दिवसांनी एकदा. एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) लावा, हिरवं शेत हिरवं दिसेल, पिकलं-कापलं की पिवळट-तपकिरी. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून पाहा, हंगाम पुढे की मागे लगेच दिसतं.

आता अडचणी, कारण नुसतं कौतुक करून पुढे जाणारे लोक मला आवडत नाहीत. सप्टेंबरात ढग, महत्त्वाचा फोटो नेमका पांढरा येतो. ढगांतून बघणारा रडार उपग्रह सेंटिनेल-१ आहे, पण त्याचे फोटो नवख्याला वाचता येत नाहीत. दुसरं, सोयाबीनची पानं पिकल्यावर आपोआप गळतात, त्यामुळे उभं वाळलेलं शेत आणि कापलेलं शेत वरून जवळजवळ सारखंच. पिवळा मोझॅक रोग आला तरी हा आकडा पडतो आणि तुम्हाला वाटेल वा, पिकलं. म्हणून मी तरी याला कापणीचा पुरावा मानत नाही, पीक तयार झालंय एवढाच इशारा.

मांजराकाठचा
मग तिरपालवाल्याला तेवढाच इशारा पाहिजे की 👍

जुना_मंडीवाला
बारदानासाठी मी आवकेवरच ठाम आहे, फक्त ती वाचायला शिका. सुरुवातीची आवक ओली असते, ज्याला पैशांची निकड तो आधी आणतो. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो (२०२४ ला नोव्हेंबरात केंद्राने १५ पर्यंत सूट दिली होती ते वेगळं), म्हणून ज्याला तिथे विकायचंय तो कापून घरी वाळवत बसतो. भाव पडलेला असेल तरी माल घरात राहतो. म्हणजे कापणी झाली, आवक नाही, पण पोती तर घरी भरायलाही लागतात! आणि सण बघा. २०२५ ला दिवाळी २० ऑक्टोबरला, ऐन गर्दीत मंड्या बंद, आवकेत मोठा खड्डा दिसला. २०२६ ला अधिक महिना आल्यामुळे दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, तोवर मालव्यातला बराच माल येऊन गेलेला असेल. गेल्या वर्षीच्या आठवड्याशी डोळे मिटून तुलना केलीत तर फसाल.

खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था हंगामात शेतकऱ्यांसाठी साप्ताहिक सल्ला काढते, तोही वाचत जा, पीक कोणत्या अवस्थेला आहे ते त्यातून कळतं. सोपा म्हणजे सोयाबीन प्रक्रियादारांची संघटना, तिचा सर्व्हे ऑक्टोबरात येतो, तो एकूण उत्पादनासाठी, तुमच्या गाडीच्या तारखेसाठी नाही.

बारदानवाली_इंदूर
सगळ्यांचे खूप आभार. आता असं ठरवतेय की तिरपालची गाडी पेरणीची तारीख अधिक वाण यावरून, आणि निघायच्या आधी नकाशावेडा म्हणतात तो फोटो आणि हवामान खात्याचा पावसाचा अंदाज बघून. बारदान मागून, आवक हलायला लागली की. भाडं डबल पडेल पण उधारीत अडकण्यापेक्षा परवडलं. दीर हार्वेस्टरवाल्यांचे नंबर जमवायला आजच बायपासच्या धाब्यावर गेलाय, चहाचं बिल दुकानाच्या खात्यात टाकणार म्हणतो. कोट्याचं राहिलं, तिकडचं कोणी आहे का?

हाडौती_मराठी
आहे ना, बारांला असतो. कोटा, बारां, बुंदी, झालावाड मिळून धरा, सगळ्यांचा माल कोट्याच्या भामाशाह मंडीकडे ओढला जातो. त्यामुळे एकट्या कोटा मंडीची आवक बघून कोटा जिल्ह्यात कापणी जोरात असं समजू नका, ती झालावाडचीही असू शकते, आणि सीमेजवळचे एमपीवालेही भाव बघून इकडे येतात. बारांची मंडी वेगळी बघा. आणि पाऊस परतायला सुरुवात राजस्थानच्या पश्चिम टोकापासून होते, सरासरी तारीख १७ सप्टेंबर, ती बातमी आली की आम्ही इकडे कापणीच्या तयारीला लागतो.

मांजराकाठचा
ताई ते सगळं झालं, २०० जीएसएमची ताडपत्री काय भावानं देता?

बारदानवाली_इंदूर
साइज सांगा दादा, १८ बाय २४ की मोठी? भाव इनबॉक्समध्ये कळवते, इथे लिहिला तर आमचे छावणीतले शेजारी वाचतात.